युद्धाची सबब

गेल्या हिवाळ्यात गोंदियास एका वाचनालयाच्या वार्षिक सभेस जाण्याचा आम्हांस योग आला. सभा आटोपल्यावर चहापानाच्या वेळी जिल्ह्याच्या जुन्या गोष्टी निघाल्या. एका वयोवृद्ध व सुविद्य गृहस्थांनी मोठ्या अभिमानाने सांगितले की, दुसऱ्या महायुद्धाने आपल्या भागास निदान एक वस्तू कायमची दिली. ती म्हणजे बिरसीची धावपट्टी. १९४० च्या सुमारास इंग्रज सरकारने ती बांधली आणि २०२२ साली तीवरूनच गोंदियाची प्रवासी विमानसेवा सुरू झाली, तेव्हा दूरदृष्टी म्हणतात ती ही, असा त्यांचा अभिप्राय पडला. तेथेच बसलेल्या एका तरुण डॉक्टरांनी नम्रपणे विचारले, “त्याच सालांत या भागात हिवतापाने गावेच्या गावे अंथरुणास खिळत असत म्हणे. त्याचे सरकारने काय केले?” गृहस्थ क्षणभर थांबले आणि म्हणाले, “अहो, युद्ध चालू होते. त्याला कोण काय करणार?” सर्वांनी माना डोलावल्या. सांगण्यास संकोच वाटतो, पण सभ्यतेच्या भरात आम्हीही आमची मान डोलावली.

परतीच्या गाडीत मात्र ते वाक्य आमचा पिच्छा सोडीना. ‘युद्ध चालू होते’ या तीन शब्दांत एका पिढीच्या मरणाचा हिशेब इतक्या स्वस्तात चुकता करता येतो काय? ज्या सरकारास त्याच युद्धात, त्याच जिल्ह्यात, विमाने उतरविण्याइतकी जमीन सपाट करता आली, त्यास त्या जमिनीपासून चार कोसांवरील पोरांस तापाच्या गोळ्या देता आल्या नाहीत, हे आपण इतक्या सहज कसे मान्य करतो? ही सबब खोटी आहे असे आमचे स्पष्ट मत आहे. आणि ती आजही आपल्या घराघरांत सुखाने नांदत असल्यामुळे तिची एकदा नीट झडती घेणे आम्हांस प्राप्त वाटते.

प्रथम स्थळ-काळ ध्यानात घेतला पाहिजे. आजचा गोंदिया जिल्हा १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यापासून वेगळा झाला. युद्धकाळी हा सारा मुलूख मध्यप्रांत व वऱ्हाडातील भंडारा जिल्ह्याचा पूर्वभाग होता. वैनगंगा, बाघ, चुलबंद, गाढवी या नद्यांचे आणि शेकडो तलाव-बोड्यांचे हे खोरे. धान हे येथील पीक, धान हेच अन्न आणि धान हीच पत. गोंदिया हे मुंबई-हावडा मार्गावरील मोठे जंक्शन. तेथून लहान रुळांचे फाटे उत्तरेस जबलपुराकडे व दक्षिणेस चांद्याकडे गेलेले. तांदळाच्या गिरण्या आणि विड्यांचे कारखाने यांमुळे गावास व्यापारी कळा आलेली. पण स्टेशनापासून दोन मैल बाहेर पडले की बांधी, पाट, नाले आणि जंगल. या वातावरणात हिवतापाचा डास पावसाळ्याअखेर वाढतो, आणि ताप ऐन भाद्रपद-आश्विनापासून कार्तिकापर्यंत चढतो. म्हणजे ज्या महिन्यांत धान कापावयाचे, त्याच महिन्यांत कापणाऱ्याच्या अंगात हीव भरते. येथील हिवताप हा केवळ देहाचा रोग नव्हता. तो घरच्या कणगीत शिरणारा रोग होता. पोटात पानथरी वाढलेली, हातपाय काडीसारखे झालेली पोरे त्या काळी इतकी नित्य परिचयाची होती की, त्यांच्याकडे पाहून कोणास आश्चर्य वाटत नसे. आणि एखाद्या दुःखाविषयी आश्चर्य वाटेनासे झाले, की त्याची सबब शोधण्याचीही गरज उरत नाही.

आता सबबीकडे वळू. ती एक दिसते, पण तिच्या पोटात चार सबबी दडलेल्या आहेत. औषध नव्हते, ही पहिली. ज्ञान नव्हते, ही दुसरी. लोक अडाणी होते, ही तिसरी. आणि युद्धात सारा पैसा व सारी माणसे गुंतली होती, ही चौथी. एकेकीस पुढे बोलावू.

औषध नव्हते, हे वरवर खरे आहे. हिवतापाचे त्या काळचे मुख्य औषध क्विनीन. ते सिंकोना झाडाच्या सालीपासून निघे, आणि जगातील या सालीचा नव्वद टक्क्यांहून अधिक पुरवठा एकट्या जावा बेटातून होई. मार्च १९४२ मध्ये जपान्यांनी जावा घेतले आणि हा पुरवठा एकाएकी तुटला. येथवर सबब निर्दोष भासते. परंतु हिंदुस्थानात सिंकोना नव्हता काय? निलगिरीवर व दार्जिलिंगजवळील मुंगपू येथे सरकारनेच १८६० नंतरच्या दशकात त्याची लागवड केली होती. ऐंशी वर्षांत ती देशाच्या गरजेइतकी वाढविण्यास कोणी हरकत घेतली होती? १९२८ साली शेतकीविषयक रॉयल कमिशनने क्विनीन स्वस्त झाले पाहिजे व हिंदुस्थान त्या बाबतीत स्वावलंबी झाला पाहिजे, असा स्वच्छ अभिप्राय दिला होता. त्या कमिशनचे अध्यक्ष होते लॉर्ड लिनलिथगो. आणि जावा पडले त्या दिवशी हिंदुस्थानचे व्हाइसरॉय होते तेही लॉर्ड लिनलिथगोच. ज्या गृहस्थांनी चौदा वर्षांपूर्वी औषध कोणते ते लिहून दिले, त्यांच्याच कारकिर्दीत बाटली रिकामी निघाली. हा दोष जपानच्या माथी कसा मारता येईल? युद्धाने कोठार लुटले नाही. कोठार भरलेच नव्हते, एवढेच युद्धाने उघड केले.

शिवाय जे थोडे औषध उरले, ते कोणास मिळाले? आधी सैन्यास, मग सरकारी नोकरांस व अत्यावश्यक कामांवरील मजुरांस, आणि मग शिल्लक राहिल्यास रयतेस. क्विनीनच्या जागी मेपाक्रिन नावाची पिवळी गोळी आली, तिचाही क्रम हाच. आता युद्धात शिपायास प्रथम मान द्यावा हे आम्हांस अमान्य नाही. परंतु धान पिकविणारा माणूस ‘अत्यावश्यक’ या शब्दात बसत नाही, हे कोणत्या कोशावरून ठरले? १९४२ मध्ये ब्रह्मदेश हातचा गेला, तेथून येणारा तांदूळ बंद झाला, आणि देशात दाणा न् दाणा मोलाचा झाला. अशा वेळी धानाच्या खोऱ्यातील कापणी करणाऱ्याचा ताप हा लष्करी महत्त्वाचा प्रश्न नव्हता काय? निव्वळ स्वार्थ पाहिला असता, तरीही हा हिशेब चुकीचाच होता.

दुसरी सबब ज्ञानाची. सिकंदराबादेत रोनाल्ड रॉस यांनी डासाच्या पोटात हिवतापाचे जंतू पाहिले ते २० ऑगस्ट १८९७ रोजी. म्हणजे युद्ध पेटले तेव्हा या ज्ञानास बेचाळीस वर्षे झाली होती. बांधकामासाठी माती उपसलेल्या खड्ड्यांत पाणी साचून डास होतात, आणि परगावचे मजूर एके ठिकाणी गोळा केले की हिवतापाची साथ भडकते, हे याच देशात रेल्वेच्या व चहाच्या मळ्यांच्या अनुभवावरून विसाव्या शतकाच्या आरंभीच सिद्ध झाले होते. मलेरिया इन्स्टिट्यूट ऑफ इंडिया ही संस्था उभी होती. पॉल रसेल या अमेरिकन संशोधकाने युद्धाच्या आगेमागेच मद्रास इलाख्यातील खेड्यांत पायरेथ्रमचा फवारा घरोघर मारून, थोड्या खर्चात ग्रामीण हिवताप आटोक्यात आणता येतो, हे दाखविले होते. तेव्हा डी. डी. टी. येण्यापूर्वीही मार्ग ठाऊक होता. त्या मार्गाने खेड्यापर्यंत चालत जाण्यास पाय तेवढे नव्हते.

ज्ञानाची सबब ज्यास अजून पटत असेल, त्याने ब्रह्मदेशच्या आघाडीकडे पाहावे. १९४३ साली त्या आघाडीवर जखमी होऊन मागे आणलेल्या प्रत्येक शिपायामागे १२० शिपाई केवळ आजारी म्हणून मागे आणावे लागत. आणि हिवतापाचे वार्षिक प्रमाण एकूण सैन्याच्या शेकडा ८४ इतके होते. हे आकडे चौदाव्या सेनेचे सेनापती जनरल स्लिम यांनी स्वतः नमूद केलेले आहेत. जंगल तेच, पाऊस तोच, डास तोच. आणि शिपायांपैकी बहुसंख्य आपल्याच देशातील शेतकऱ्यांचे मुलगे. परंतु सेना असे आजारी पडत राहिली तर लढाई हरते, हे ध्यानात येताच काय घडले? मेपाक्रिन नियमाने देण्यात आले, आघाडीच्या मागे लगेच उपचाराची केंद्रे निघाली, संशोधकांस कामास लावण्यात आले, आणि १९४५ पर्यंत आजाऱ्यांचे प्रमाण रोज हजारी एक इतके खाली आले. दोन वर्षांत! खेड्यातील जो तरुण सैन्यात भरती झाला, तो मृत्यूच्या तोंडी जाऊनही हिवतापातून वाचला. आणि त्याचा भाऊ गावी राहून, बंदुकीचा आवाज न ऐकता, हिवतापाने मेला. एकाच आईच्या दोन लेकरांत हा भेद डासाने केला नाही.

तिसरी सबब आपल्या वर्गास विशेष प्रिय आहे. लोक अडाणी होते. ते गोळ्या घेत नसत, देवऋषाकडे जात. सरकार तरी काय करणार? वाचकहो, शिपाईही गोळ्या घेत नसत. मेपाक्रिनने कातडी पिवळी पडे. तिने पुरुषत्व जाते अशी वदंता बराकी-बराकींत पसरली होती. मग स्लिमसाहेबांनी शिपायांस अडाणी म्हणून सोडून दिले काय? नाही. त्यांनी पलटणींची अचानक तपासणी आरंभिली, आणि जेथे गोळ्या नीट घेतल्या जात नव्हत्या, तेथे शिपायास नव्हे, तर त्याच्या वरिष्ठ अधिकाऱ्यास कामावरून दूर केले. असे तीन अधिकारी घालविल्यावर बाकीच्यांस अर्थ समजला. या एका गोष्टीत सार्वजनिक आरोग्याचे सारे शास्त्र आहे असे आम्ही समजतो. औषध रुग्णाच्या पोटात गेले नाही, तर जबाबदार कोण? सैन्यात तो अधिकारी. गावात मात्र तो रुग्णच! अडाणीपणाची सबब ही अशी, वर न जाता नेहमी खालीच उतरणारी सबब आहे.

राहता राहिली चौथी व सर्वांत वजनदार सबब: पैसा आणि माणसे युद्धात गुंतली होती. खरोखरच गुंतली होती. सरकारी डॉक्टर लष्करात ओढले गेले. १९४३ च्या एप्रिलात हिंदी सेनेचे स्वतंत्र वैद्यकीय दल उभे राहिले, आणि नव्याने परीक्षा उतरलेल्यांचा ओघ तिकडे वळला. आमच्या प्रांतात तर डॉक्टर तयार करणारी संस्था म्हणजे नागपूरचे रॉबर्टसन मेडिकल स्कूल. पूर्ण दर्जाचे वैद्यकीय महाविद्यालय प्रांतास १९४७ पर्यंत नव्हतेच. पण युद्ध काय एकट्या हिंदुस्थानावर कोसळले होते? तेच युद्ध, तेच सम्राट आणि तेच प्रधानमंडळ इंग्लंडवरही होते; तेथे तर आकाशातून बाँब पडत होते. तरीही १९४० पासून तेथे गर्भवती स्त्रियांस व पाच वर्षांखालील मुलांस स्वस्त अथवा फुकट दूध मिळू लागले, घटसर्पाची लस मुलांस देण्याची देशभर मोहीम निघाली, आणि रेशनाच्या वाटपात गरीब-श्रीमंत हा भेद कमी झाला. फळ काय? इंग्लंड व वेल्समध्ये १९३९ साली हजार जन्मांमागे सुमारे ५१ अर्भके दगावत. १९४५ साली तो आकडा ४६ च्या आसपास आला. लंडन जळत असताना तेथील मुले अधिक जगू लागली. युद्धाने आरोग्य बिघडलेच पाहिजे असा सृष्टिनियम नाही, याचा याहून मोठा पुरावा कोणता?

आणि त्याच १९४३ साली आपल्या पूर्वेस काय चालले होते? बंगालच्या दुष्काळात दुष्काळ चौकशी आयोगाच्या मते १५ लाख माणसे गेली. पुढील अभ्यासकांनी तो आकडा ३० लाखांच्या आसपास नेला. यांतील पुष्कळ माणसे भुकेने सरळ मेली नाहीत. भुकेने पोखरलेल्या देहांवर हिवताप, पटकी व देवी यांनी झडप घातली, आणि नवे पीक हाती येऊ लागल्यावरही मरण थांबले नाही. गोंदियाच्या फलाटावरून जाणारे रूळ त्याच हावड्यास जाऊन मिळतात. त्या रुळांवरून लष्कराची रसद रात्रंदिवस पूर्वेकडे धावत होती. गाड्या नव्हत्या असे कोणी म्हणू नये. त्या गाड्यांत काय भरावयाचे याचा निर्णय होता.

येथे न्यायासाठी दुसरी बाजूही मांडली पाहिजे. सर्वच अधिकारी निर्दय होते असे आमचे म्हणणे नाही. मुंबई इलाख्यात डॉ. डी. के. विश्वनाथन यांच्यासारख्यांनी युद्ध संपता संपता कारवार व धारवाड भागांत डी. डी. टी. च्या फवारणीचे जे काम सुरू केले, ते पुढे साऱ्या देशास उदाहरण झाले. आणि खुद्द युद्धकाळातच, ऑक्टोबर १९४३ मध्ये, सर जोसेफ भोर यांची समिती नेमली गेली. १९४६ साली बाहेर पडलेला तिचा अहवाल आजही वाचणाऱ्यास खाली मान घालावयास लावील. ब्रिटिश हिंदुस्थानात हजार माणसांमागे रुग्णालयातील खाटा पाव टक्क्याइतक्याही नव्हत्या, असे म्हणणेदेखील उदारपणाचे होईल. कारण आकडा होता हजारी ०.२४, म्हणजे चार हजार माणसांत एक खाट, आणि इंग्लंड-वेल्समध्ये तो होता हजारी ७.१४. सुमारे ६,३०० माणसांत एक डॉक्टर व ४३,००० माणसांत एक परिचारिका. हजारी १६२ अर्भके वर्षाच्या आत मरत. सरासरी आयुर्मान २७ वर्षांच्या आत. वर्षास किमान दहा कोटी लोकांस हिवताप होतो, असा समितीचा अंदाज होता. हे आकडे युद्धाने निर्माण केलेले नव्हेत. अर्भकमृत्यूचा आकडा तर युद्धापूर्वीच्या १९३७ सालचा आहे. तस्मात् युद्ध हे कारण नसून पडदा होता, आणि तो पडदा जुन्या पापावर पडला.

पण केवळ परकी सरकारास दोष देऊन आम्ही थांबलो, तर हा लेख लिहिण्याचा आम्हांस अधिकार नाही. मध्यप्रांतात १९३९ च्या नोव्हेंबरात मंत्रिमंडळाने राजीनामा दिला आणि १९४६ पर्यंत गव्हर्नरांचा एकतंत्री कारभार चालला; तेव्हा गाऱ्हाणे ऐकण्यास लोकांचा कोणी उरला नव्हता, हे खरे. तरीही आपला सुशिक्षित वर्ग तेव्हा काय करीत होता? आमच्या घरची गोष्ट सांगतो. आमचे आजोबा शाळामास्तर. थोडी धानाची शेती आणि तीवर एक सालदार. १९४३ च्या आश्विनात आमचे वडील, तेव्हा नऊ वर्षांचे, हिवतापाने पडले. आजोबांनी एका परिचित अधिकाऱ्याकडून पिवळ्या गोळ्या मिळविल्या आणि वडील बरे झाले. पंधरा दिवसांनी सालदाराचा मुलगा पडला. तो वडिलांचाच सोबती. दोघे मिळून बोडीत मासे धरीत. सालदार दाराशी आला. आजोबांनी पेटी उघडली आणि दोन गोळ्या दिल्या. उरलेल्या, घरात पुन्हा कोणास ताप आला तर असाव्यात, म्हणून ठेवल्या. तो मुलगा कार्तिकी पौर्णिमेच्या आत गेला. वडिलांनी ही हकीगत आम्हांस उभ्या आयुष्यात एकदाच सांगितली, तीही शेवटच्या दुखण्यात. “त्या डबीत पुढे वर्षभर गोळ्या होत्या,” एवढेच ते शेवटी म्हणाले.

आजोबा दुष्ट नव्हते. गावात त्यांच्या शब्दास मान होता, आणि तो त्यांनी चांगुलपणाने मिळविलेला होता. परंतु ज्या व्यवस्थेत औषध ओळखीने मिळते, त्या व्यवस्थेत सज्जन माणूसही पेटीस कुलूप लावावयास शिकतो. आपल्या वर्गाने तेव्हा ओळखी शोधल्या. सभा भरविल्या नाहीत, अर्ज केले नाहीत, वर्तमानपत्रांत नाव घालून विचारले नाही. आपल्यापुरती सोय झाली की प्रश्न सुटला, ही आपली जुनी रीत. आणि ‘युद्ध होते, कोण काय करणार’ हे वाक्य सरकारने आपल्याला शिकविले असे आम्हांस आता वाटत नाही. ते आपणच, आपल्या पेटीवर बसून, रचलेले आहे.

कोणी म्हणेल, गेल्या गोष्टी उकरून काय लाभ? लाभ इतकाच की सबबीचे आयुष्य सरकारांहून मोठे असते. स्वातंत्र्याच्या वेळी देशात वर्षास साडेसात कोटी लोकांस हिवताप होई व सुमारे आठ लाख मरत, असा अंदाज केला जातो. १९५३ साली राष्ट्रीय हिवताप नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला, १९५८ साली त्याचे निर्मूलन कार्यक्रमात रूपांतर झाले, आणि १९६१ साली देशभरात नोंदलेले रुग्ण ५० हजारांच्या आत आले. गरीब, नुकताच फाळणीतून उठलेला देश. पैसा तेव्हाही नव्हता. पण घरोघर जाणारा फवारणी-कामगार होता आणि त्याच्यामागे विचारणारा कोणी होता. मग विजय झाला असे समजून हात सैल सोडले गेले, डासही डी. डी. टी. ला सरावले, पुरवठा वेळेवर होईना. आणि १९७६ साली रुग्णांचा आकडा ६४ लाखांवर गेला. या वेळी जावा कोणी घेतले नव्हते.

हा दोष आपल्या बोलीतच आहे. रोगाविरुद्ध आपण नेहमी ‘युद्ध’ पुकारतो, ‘मोहीम’ काढतो. २०२० व २०२१ सालच्या करोनाच्या साथीत याचा कळस झाला. डॉक्टर, परिचारिका, आशाताई यांस ‘योद्धे’ म्हटले, त्यांच्यासाठी थाळ्या वाजविल्या, त्यांच्यावर फुले उधळली. १९२१ च्या नव्हे, २०२१ च्या एप्रिलात विशाखापट्टणमहून नागपूरला प्राणवायूची गाडी येते तेव्हा आपण सुटकेचा श्वास टाकला. युद्धाच्या भाषेत सोय अशी असते की, युद्ध चालू असता कोणी प्रश्न विचारावयाचा नाही, आणि युद्ध संपले की योद्ध्यांनी घरी जावयाचे. साथीत तात्पुरते घेतलेले कर्मचारी साथ ओसरताच मोकळे झाले, आणि आरोग्य केंद्रांतील रिक्त पदांच्या बातम्या पूर्ववत आतल्या पानावर गेल्या. १९४३ मध्ये युद्ध ही आरोग्याकडे दुर्लक्ष करण्याची सबब होती. आज आरोग्यासच युद्ध म्हणून आपण तीच सबब अधिक सन्मानाने वापरतो.

गोंदियाची स्थिती १९४३ सारखी आहे असे आम्ही म्हणत नाही. तसे म्हणणे खोटेपणाचे होईल. २०१६ पासून येथे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, गावोगाव उपकेंद्रे आहेत, औषधे मोफत आहेत. परंतु देवरी, सालेकसा, अर्जुनी-मोरगाव या जंगलपट्ट्यांतून हिवताप अजून हटलेला नाही. आणि १९५५ साली ज्याच्याविरुद्ध राष्ट्रीय कार्यक्रम निघाला, त्या हत्तीरोगाची छाया पूर्व विदर्भावरून सत्तर वर्षांतही पुरती सरलेली नाही. हत्तीरोगाचा डास तर जंगलातला नव्हे. तो आपल्या तुंबलेल्या गटारीतला, आपल्या आळीतला आहे. त्यासाठी सेनापती लागत नाही, स्वच्छता निरीक्षक लागतो, आणि त्याच्या कामाची दर महिन्यास विचारपूस करणारे नागरिक लागतात.

या जिल्ह्यास ही गोष्ट नव्याने शिकविण्याचे कारण नव्हते. येथील तलाव ज्यांनी बांधले, त्यांस ठाऊक होते की पाळ पुराने फुटत नाही. गेल्या वैशाखात जे भगदाड बुजविले नाही, तेथून ती फुटते. पुराच्या रात्री गाव जमवून हाकाटी करणारा पुढारी लोकांच्या लक्षात राहतो. उन्हाळ्यात टोपलीभर माती टाकणाऱ्याचे नाव कोणी विचारीत नाही. पण तलाव टिकतो तो या दुसऱ्यामुळे. आरोग्यखात्याचे खरे काम असे उन्हाळ्यातले आहे: रिकामी जागा भरणे, रक्ताचा नमुना वेळेवर तपासणे, फवारणी ठरल्या पंधरवड्यात होणे, मच्छरदाणी खरोखर खाटेवर बांधली गेली की नाही ते पाहणे. त्यात पराक्रम नाही, म्हणून त्यास टाळ्या नाहीत, आणि टाळ्या नाहीत म्हणून पैसा नाही.

म्हणून वाचकांस आमची एवढीच विनंती आहे. आपल्या तालुक्याच्या आरोग्य केंद्रात किती जागा मंजूर आहेत व किती भरलेल्या आहेत, हे एकदा जाऊन विचारावे. उत्तर लेखी घ्यावे. आणि पुढच्या वर्षी पुन्हा विचारावे. आपल्या घरच्या दुखण्यासाठी ओळखीच्या डॉक्टरास फोन करण्यापूर्वी, ज्यास कोणाचीच ओळख नाही तो कोठे जातो, याची चौकशी करावी. आणि त्या सभेतील वृद्ध गृहस्थांस, त्यांच्या वयाचा पूर्ण आदर ठेवून, आम्ही इतकेच कळवू इच्छितो की, बिरसीच्या धावपट्टीचा अभिमान त्यांनी खुशाल बाळगावा. मात्र ती दूरदृष्टीची साक्ष आहे असे त्यांनी म्हणू नये. त्या सालांत या जिल्ह्यात काय करता येण्याजोगे होते, याची ती साक्ष आहे. आणि ही साक्ष त्यांच्या सबबीच्या विरुद्ध पडते. त्या दिवशी डोलावलेली आमची मान आम्ही येथे परत घेत आहोत.